रस्त्याकडे तोंड करून

महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपालिकांच्या हद्दीत एक तरी समाजमंदिर असते. तळमजल्यावर लांबट सभागृह, त्याला लोखंडी शटर, आत सिमेंटचा पक्का रंगमंच, वर व्यायामशाळा, भोवती पुरुषभर उंचीची कुंपणभिंत आणि भिंतीत एक फाटक. रस्त्यावरून वाचता येईल अशी एकच गोष्ट दर्शनी बाजूला असते, ती म्हणजे कोनशिला. निधी कुणाचा, भूमिपूजन कुणाच्या हस्ते, लोकार्पण कुणाच्या हस्ते, सगळे ठळक अक्षरांत. आज आत काय चालले आहे, हे मात्र फाटकातून आत गेल्याशिवाय कळत नाही. आणि आत काय चालते हे ज्याला ठाऊक नाही, तो फाटकाला हात लावत नाही. लग्न, बारसे, मतदान, लसीकरण अशा निमित्तांनी शटर वर जाते. एरवी भरवस्तीतली, सार्वजनिक पैशाने उभी राहिलेली ही इमारत बंद दिसते. गंमत अशी की कित्येकदा ती बंद नसतेही. वर दहा-बारा मुले व्यायाम करत असतात, फक्त ते बाहेर कुणाला दिसत नाही.

ही प्रस्तावना ज्या पुस्तकाला आहे, ते या अडचणीविषयी आहे. वस्तीचे क्रीडा-मनोरंजन केंद्र बांधताना रस्त्याने जाणाऱ्याला आतले काय दिसावे, आणि दिसल्यापासून आत पाऊल पडेपर्यंत त्याला कितीजणांना विचारावे लागावे? वास्तुरचनेच्या शिक्षणात हा प्रश्न ‘दर्शनी भाग’ या सदरात जातो आणि त्याचे उत्तर रंग, क्लॅडिंग आणि नावाची पाटी एवढ्यावर आटोपते. माझ्या मते तो सभासदत्वाचा प्रश्न आहे. केंद्र कुणाचे, हे संस्थेच्या घटनेत काहीही लिहिलेले असो, इमारतीच्या रस्त्याकडच्या पहिल्या पाच मीटरांत ठरून जाते.

अशा इमारतींचा एक उगम कारखान्यांच्या शहरांत आहे. 1884 साली पूर्व लंडनमध्ये टॉयन्बी हॉल निघाला, 1889 साली शिकागोत जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी हल हाऊस सुरू केले. शिकल्यासवरल्या लोकांनी कामगारवस्तीत राहायला जावे आणि वर्ग, वाचनालय, खेळ, नाटक यांची सोय तिथेच करावी, असा त्यामागचा विचार. 1905 च्या सुमारास शिकागोच्या साउथ पार्क कमिशनने हेच काम सार्वजनिक पैशाने मोठ्या प्रमाणावर केले. दाट वस्तीत छोटी उद्याने केली आणि त्यांत ‘फील्डहाऊस’ बांधली. इमारती डॅनियल बर्नहॅमच्या कंपनीच्या, बागा ओल्मस्टेड बंधूंच्या. स्त्रियांची आणि पुरुषांची व्यायामशाळा वेगळी, सभागृह, मंडळांच्या बैठकीच्या खोल्या, वाचनाची सोय. आज जगभर अशा केंद्रांसाठी खोल्यांची जी यादी काढली जाते, ती बरीचशी तिथली आहे. मुंबईत ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावातल्या रात्रशाळा, वाचनालये आणि परळचे दामोदर सभागृह ही त्याच विचाराची फळे. पुढे 1953 च्या कायद्याने कामगार कल्याण निधी आला आणि शिवणवर्गापासून नाट्यस्पर्धेपर्यंत सगळे एका छपराखाली घेणारी कामगार कल्याण केंद्रे गावोगाव उभी राहिली.

दुसरा उगम आपला आहे आणि त्याहून जुना आहे. त्याला कुणी वास्तुप्रकार मानले नाही, म्हणून वास्तुरचनेच्या पुस्तकांत तो सापडत नाही. तो म्हणजे तालीम. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत हिंडले की ध्यानात येते, की पेठेतली तालीम रस्त्याला खेटून असते. मध्ये अंगण नाही, बाग नाही. दारातून तांबडी माती दिसते. दाराशी कट्टा, भिंतीवर फळा. कट्ट्यावर बसायला लंगोट लावावा लागत नाही. सकाळी तिथे वर्तमानपत्र वाचले जाते, संध्याकाळी पेठेचे राजकारण होते, गणपतीत मांडव तिथूनच सुरू होतो. उभ्या जन्मात एक कुस्ती न खेळलेला माणूसही स्वतःला अमक्या तालमीचा म्हणवतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे आज राज्यभर फुटबॉलसाठी ओळखली जातात, आणि तरी त्यांच्यापुढे ‘तालीम मंडळ’च लागते. खेळ बदलला, मातीवरून गवतावर गेला, पण दारातली जागा होती म्हणून मंडळ टिकले. शाहू महाराजांनी बांधलेले, 1912 मध्ये पुरे झालेले खासबाग मैदान हे कुस्तीचे भव्य रूप खरे. कुस्तीचा रोजचा शेजार मात्र या चिंचोळ्या इमारतींत होता.

तालमीच्या शेजारी आवाराची परंपराही आपल्याकडे वाढली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ 1924 चे. या संस्थांचे काम फार मोठे आहे. अमरावतीच्या मंडळाने तर 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. पण या संस्था शाळेच्या वळणाच्या आहेत. तिथे जाणारा ठरवून जातो. जाता जाता थबकणारा माणूस त्यांच्या हिशेबात नव्हता, आणि त्याची त्यांना गरजही नव्हती. घोळ झाला तो पुढे. वस्तीच्या छोट्या केंद्रांनी तालमीचा वारसा सोडून आवाराचा उचलला. आवार नव्हतेच; कुंपण तेवढे आले.

आधुनिक वास्तुरचनेत या प्रश्नावर पहिला निर्भय प्रयोग लंडनच्या पेकहॅम भागात झाला, आणि त्यामागे दोघे डॉक्टर होते. इनेस पिअर्स आणि जॉर्ज स्कॉट विल्यमसन यांना आजार बरे करण्यापेक्षा धडधाकट माणसे कशाने धडधाकट राहतात, हे पाहायचे होते. 1926 मध्ये एका छोट्या घरात त्यांनी सुरुवात केली आणि 1935 मध्ये ओवेन विल्यम्स या अभियंत्याने त्यांच्यासाठी काँक्रीट आणि काचेची इमारत बांधली. बाबागाडी ढकलत येता येईल एवढ्या अंतरावरची कुटुंबे हीच सभासद. वर्गणी कुटुंबामागे आठवड्याला एक शिलिंग. इमारतीच्या पोटात पोहण्याचा तलाव, त्याला काचेच्या भिंती, आणि उपाहारगृहात बसून पोहणारे दिसतील अशी रचना. कुणालाही काही शिकवायचे नाही, कार्यक्रम लादायचा नाही, असा डॉक्टरांचा दंडक होता. शेजारीण पोहताना दिसली की दुसरीला पाण्यात उतरावेसे वाटेल, एवढ्याच भरवशावर सगळी इमारत उभी होती. महायुद्धात ती बंद पडली, 1946 मध्ये पुन्हा उघडली आणि 1950 मध्ये कायमची मिटली. नव्या सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या कोणत्याही रकान्यात ती बसत नव्हती. तिथून निघालेला धडा मला या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा वाटतो. माणूस आधी पाहतो, मग रेंगाळतो, मग कुणाला तरी ओळखतो, आणि नाव नोंदवतो ते सगळ्यात शेवटी. आपली केंद्रे नावनोंदणीपासून सुरुवात करतात.

पेकहॅमला जे सुचले, त्याला शास्त्राचे बळ पुढच्या पिढीने दिले. जेन जेकब्ज यांनी 1961 मध्ये लिहिले की रस्ता सुरक्षित राहतो तो त्यावर लागलेल्या नजरांमुळे. डेन्मार्कच्या यान गेल यांनी 1971 पासून इमारतींमधल्या जागांचा अभ्यास मांडला; त्यांच्या पाहणीत जिवंत रस्त्याची खूण अशी की शंभर मीटरांत पंधरा-वीस दारे असतात. आपल्या समाजमंदिराचा दर्शनी भाग तीस मीटरांचा असला, तरी दार एकच, तेही कोपऱ्यात. न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट यांनी चौकांत कॅमेरे लावून माणसे कुठे बसतात ते टिपले आणि 1980 मध्ये प्रसिद्ध केले. बसायला जागा असेल तिथे माणसे बसतात, हा त्यांचा निष्कर्ष ऐकून हसू येईल, पण तो न्यूयॉर्कच्या बांधकाम नियमांत जायला पुराव्यांचा ढीग लागला. दादरकरांना तो पुरावा लागला नसता. 1925 मध्ये मुंबई महापालिकेने खुल्या केलेल्या शिवाजी पार्कभोवतीचा बुटका कट्टा हेच काम करत आला आहे. मैदान खेळणाऱ्यांचे आणि कट्टा न खेळणाऱ्यांचा, अशी वाटणी तिथे आपसूक झाली. कट्ट्याच्या जागी जाळीचे उंच कुंपण असते तर आत क्रिकेट तेवढेच झाले असते. दादरचे शिवाजी पार्क मात्र झाले नसते.

नवख्या वाचकाला या क्षेत्रात ढोबळमानाने तीन घराणी दिसतील. पहिले पारदर्शकतेचे. पेकहॅम त्याचे मूळ. सेड्रिक प्राइस आणि जोन लिटलवुड यांचा साठच्या दशकातला ‘फन पॅलेस’ कागदावरच राहिला, पण त्याची छाया 1977 च्या पॅरिसमधल्या पाँपिदू केंद्रावर पडली. पाँपिदूने निम्मी जागा चौकासाठी मोकळी सोडली आणि सरकते जिने बाहेरच्या भिंतीवर चढवले, ते चौकातल्या माणसांना दिसावेत म्हणून. दुसरे घराणे उंबरठ्याचे. हॉलंडच्या आल्डो व्हान आयक यांनी 1947 पासून ॲमस्टरडॅममध्ये मोकळ्या राहिलेल्या कोपऱ्यांत सातशेहून जास्त खेळाच्या जागा केल्या: वाळूचा हौद, काही दांड्या, बाक, आणि बहुतेक ठिकाणी कुंपण नाही. आत आणि बाहेर यांच्या मधली जागाच इमारतीचा खरा भाग आहे, हे त्यांचे म्हणणे.

तिसरे घराणे रस्ताच इमारतीच्या आत घेते, आणि त्याच्याजवळ थोडे थांबावे लागेल. ब्राझीलमध्ये सेस्क नावाची संस्था आहे. 1946 मध्ये स्थापन झालेली, व्यापारी आस्थापनांच्या पगारपत्रकावरच्या दीड टक्का सक्तीच्या वर्गणीवर चालणारी. आपल्या कामगार कल्याण मंडळाची श्रीमंत चुलत बहीण म्हणा. साओ पाउलोच्या पोंपेया भागात पिंपांचा एक जुना कारखाना पाडून तिला केंद्र बांधायचे होते. काम लिना बो बार्दी यांच्याकडे आले. त्या सुट्टीच्या दिवशी कारखाना पाहायला गेल्या, तर शेडमध्ये मुले फुटबॉल खेळत होती आणि आयाबाया खाण्याचे बेत करत होत्या. बाईंनी ठरवले की जे आधीच चालू आहे ते मोडायचे नाही. शेड राहिल्या, त्यांच्यामधली दगडी फरसबंदीची गल्ली राहिली, आणि ती थेट शहराच्या रस्त्याला जोडली गेली. 1982 मध्ये हा भाग खुला झाला. गल्लीतून चालताना एका हाताला वाचनाची जागा, दुसऱ्या हाताला नाटकघर, पुढे कार्यशाळा आणि भोजनगृह. कुठेही न वळता सरळ पुढे गेलात तरी तुम्ही केंद्रात येऊन गेलेले असता. खेळाच्या मैदानांना जागा उरली नव्हती, कारण मागच्या बाजूला जमिनीखालून ओढा जातो आणि त्यावर बांधकाम करता येत नाही. म्हणून ओढ्याच्या दोन बाजूंना काँक्रीटचे दोन उंच ठोकळे उभे केले, एकात एकावर एक मैदाने, दुसऱ्यात कपडे बदलण्याच्या खोल्या, आणि दोहोंमध्ये हवेतले पूल. खेळायला जाणारा प्रत्येकजण पुलावरून उघड्यावर चालत जातो आणि खालच्यांना दिसतो. ओढ्यावर लाकडी फळ्यांची लांब पट्टी टाकली. शहरातली माणसे तिथे उन्हात पडून असतात. ठोकळ्यांच्या भिंतींना काच नाही, गुहेच्या तोंडासारखी वाकडीतिकडी भोके आहेत.

अलीकडच्या दोन वाटा थोडक्यात. सिंगापूरच्या टँपिनीस भागात 2017 पासून तलाव, फुटबॉल मैदान, वाचनालय, खाऊगल्ली आणि सरकारी कचेऱ्या एकाच संकुलात आहेत. सोय विलक्षण, पण त्यासाठी सिंगापूरचे प्रशासन लागते. कोलंबियातल्या मेदेयीनमध्ये पाणीपुरवठा करणाऱ्या कंपनीने टेकडीवरच्या पाण्याच्या टाक्यांची कुंपणे काढली आणि त्यांच्याभोवती वस्त्यांसाठी खेळ-करमणुकीची केंद्रे केली. पाण्याच्या टाकीखालची कुलूपबंद जागा आपल्या प्रत्येक शहरात आहे, म्हणून हे उदाहरण मला टँपिनीसपेक्षा जवळचे वाटते.

यातले काहीही जसेच्या तसे उचलता येणार नाही, आणि पहिले कारण हवामान आहे. पश्चिमेला काच लावून पारदर्शकता साधणारी इमारत नागपुरात मे महिन्यात पडदे ओढून बसते. मग काचही गेली आणि दिसणेही गेले. आपल्याकडचे उत्तर सावलीत आहे. पणजीत कांपालला चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमी (1983) पाहावी. रस्ता आणि मांडवी यांच्या मधली ती ठेंगणी इमारत तळमजल्यावर इतकी मोकळी ठेवली आहे की नाटकाचे तिकीट नसलेला माणूस छपराखालून नदीपर्यंत जाऊ शकतो. दाराला दार म्हणावे अशी जागाच लवकर येत नाही.

दुसरे कारण अधिक अवघड आहे. दिसणे सगळ्यांना सारखेच परवडत नाही. वर गौरवलेली कट्ट्याची संस्कृती मुख्यतः पुरुषांची आहे, हे कबूल न करता या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या दारात दहा तरुण बसले आहेत, त्या दारातून पंधरा वर्षांची मुलगी कबड्डीच्या सरावाला रोज जाईल का? पोहण्याच्या तलावाला रस्त्याकडे काच लावली, तर बायकांच्या तासाला पाण्यात कोण उतरेल? पेकहॅमच्या डॉक्टरांना हा प्रश्न पडला नाही, कारण पाहणारेही सभासद कुटुंबांतलेच होते. रस्त्यावरची नजर तशी नसते. म्हणून ‘खुले ठेवा’ हा सरसकट सल्ला मला पटत नाही. काय दाखवायचे आणि काय झाकायचे हे खोलीगणिक, तासागणिक ठरवावे लागते. कॅरम, बुद्धिबळ, वाचनालय, ढोल-ताशाची वाद्ये, संस्थेची कचेरी, चहाची टपरी यांना कुणी पाहिले तरी चालते. त्यांना पुढे आणावे. मल्लखांब तर पाहणाऱ्यांवरच फुलतो. मुलींचा सराव, पोहणे आणि कपडे बदलण्याच्या खोल्या आत असाव्यात, आणि तिथे जाणारी वाट कट्ट्यावरून न जाता कचेरीतल्या ताईंसमोरून जावी.

नेमके इथेच रचनेचे गणित सुरू होते. बॅडमिंटनच्या एका मैदानाचे माप 13.40 बाय 6.10 मीटर आणि स्पर्धेसाठी वर नऊ मीटर तरी मोकळी उंची. भिंती गडद हव्यात आणि फूल दिसेनासे करणारा उजेड नको. म्हणजे रस्त्यावरून तीन मजली आंधळी भिंत. तिच्यापुढे चार-पाच मीटर रुंदीच्या छोट्या खोल्यांची ओळ लावली की रस्त्याला दारे मिळतात आणि बॅडमिंटनला अंधार. जोत्याचेही तसेच. पूर पाहिलेल्या गावात कुणी जोते खाली ठेवा म्हणू शकत नाही. पण जोते साठ सेंटिमीटर उचलले, तर 1:12 उताराने चाकाची खुर्ची वर न्यायला 7.2 मीटर लांब रॅम्प लागतो. तो इमारतीच्या मागे लपवला की म्हातारी माणसे मागच्या दाराने येतात. तोच रस्त्याच्या कडेने नेला आणि त्याचा कठडा बसण्याएवढा रुंद केला की कट्टा तयार होतो. आणि या सगळ्याच्या आड येते ते सामासिक अंतर: पुढे मोकळी जागा सोडा हा नियम. त्यामागचा आगीचा आणि उजेडाचा हेतू बरोबर आहे, पण त्या जागेत कुंपण आणि वाहनतळ झालाच पाहिजे, असे नियमावली सांगत नाही. ते आपण सवयीने करतो.

आत्ताच हे पुस्तक का, याचे उत्तर मुंबई-पुण्याच्या पुनर्विकासात आहे. 1920 च्या दशकातल्या बीडीडी चाळींच्या तळमजल्यांवर आणि मधल्या गल्ल्यांत कबड्डीचे संघ, व्यायामशाळा, उत्सव मंडळे वाढली. त्यांच्या जागी मनोरे येत आहेत. मनोऱ्यांत खालचे मजले वाहनांचे, आणि ‘क्लबहाऊस’ पोडियमवर, सुरक्षारक्षक आणि लिफ्टच्या पलीकडे. करमणूक वर गेली. रस्त्याला उरले वाहनतळाचे तोंड. सोसायटीच्या पोरांना टर्फ मिळाले, हे चांगलेच आहे. शेजारच्या झोपडवस्तीतला पोरगा पूर्वी गल्लीत उभा राहून कबड्डी पाहत शिकायचा. त्याला आता पाहायलाही काही नाही. 1995 च्या उष्म्याच्या लाटेत शिकागोत सातशेहून जास्त माणसे मेली, तेव्हा एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाला असे आढळले की सारख्याच गरीब वस्त्यांत मृत्यूंचे प्रमाण वेगळे होते, आणि जिथे रस्ते, दुकाने, एकत्र येण्याच्या जागा जित्या होत्या तिथे म्हातारी माणसे जास्त वाचली. आपले उन्हाळे कुठे चालले आहेत, ते सांगायला नको.

लेखकांनी या पुस्तकात आदर्श नमुना दिलेला नाही, ही मला त्यांची मोठी जमेची बाजू वाटते. त्यांनी तालीम, समाजमंदिर, कल्याण केंद्र आणि जिमखाना यांच्या दाराशी उभे राहून रेखाटने केली, जोत्याची, पायरीची, भिंतीची मापे घेतली, आणि कोणत्या तासाला दारात कोण असते याच्या नोंदी ठेवल्या. परदेशातली उदाहरणे आहेत, पण ती मापण्यासाठी, मिरवण्यासाठी नव्हेत. खर्च, देखभाल, पाणीगळती, रात्रपाळीचा रखवालदार या रटाळ वाटणाऱ्या गोष्टींना त्यांनी रचनेइतकीच पाने दिली आहेत. वीजबिल कोण भरणार हे न ठरल्याने बंद पडलेली केंद्रे पाहिलेल्या कुणालाही ते पटेल. एका बाबतीत माझा त्यांच्याशी मतभेद आहे. जुनी समाजमंदिरे थोड्या तोडफोडीने सुधारतील असा त्यांचा विश्वास आहे. मला वाटते, भर रस्त्याला पाठ करून बांधलेल्या काही इमारती पाडूनच पुन्हा बांधाव्या लागतील. वाचकाने दोन्ही बाजू तपासाव्यात.

वास्तुरचनेचे विद्यार्थी हे पुस्तक वाचतीलच. माझी विनंती नगरसेवकांना, वॉर्डातल्या अभियंत्यांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना आहे. तुमच्या भागात एखाद्या भूखंडावर अशा केंद्राचे आरक्षण असेल आणि कामाची निविदा अजून निघाली नसेल, तर बाकीची प्रकरणे मागाहून वाचा. तळमजल्याचे प्रकरण आधी वाचा आणि नकाशा घेऊन वाचा.